बस्तूकाकांचे चार सूर

ऐक. नुसतं ऐक, रेवा. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं सगळं विस्कटेल आणि मग मी हे कुणालाच सांगणार नाही.

तर बस्तूकाकांनी बॅसूनच्या तोंडात मोजा कोंबला. हसतेस काय? खराखुरा पायमोजा, काळा, धुतलेला, सगळ्या ऑर्केस्ट्रासमोर. बॅसून म्हणजे ते लांबलचक लाकडी वाद्य गं, बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वर जातं ते. आवाज जाडा, सर्दी झालेल्या आजोबांसारखा. मोठ्यानं वाजवायला सोपं, पण खालचे सूर हळू वाजवायचे म्हणजे जीव जातो. काका म्हणायचे, "बैलाला 'कानात कुजबुज कर' म्हणून सांगण्यातली गत." वरच्या तोंडात कापड घातलं की आवाज दबतो, जुने लोक करतात तसं. म्हणून मोजा.

भायखळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची रविवारची तालीम चालायची. ऑर्केस्ट्रा हौशी लोकांचाच. पारशी डॉक्टर, बांद्र्याच्या पियानो टीचर, नेव्हीच्या बँडमधून रिटायर झालेले काका लोक, आणि एका टोकाला मी, वसईची मनवा चोरघे, एकोणीस वर्षांची. बस्तूकाका म्हणजे बस्त्याव तुस्कानो, भुईगावचे. नेव्हीत उभा जन्म बॅसून वाजवून रिटायर झाले आणि गावातल्या पोरांना चर्चच्या हॉलमध्ये फुकट शिकवायला बसले. सगळे डाबरे, लोपीस, डिमेलो, आणि त्यात मी एकटी चोरघे. मला क्लॅरिनेट हातात दिली ती त्यांनीच. ऑर्केस्ट्रात नेलं तेही त्यांनीच. "माझी पोरगी आहे, घ्या," म्हणाले, बास.

त्या वर्षी आम्ही बसवत होतो ती एका रशियन संगीतकाराची शेवटची सिंफनी. हे लिहिलं आणि थोड्याच दिवसांत तो गेला. म्हणजे ऐकतानाच कळतं बघ की हा माणूस निरोप घेतोय. आता तुला एक सांगते, ते नीट लक्षात ठेव, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. पहिल्या भागात एक जागा येते. क्लॅरिनेट एकटी वाजते, हळू, आणखी हळू, आणि जवळजवळ विझते. तिचे अगदी शेवटचे चार सूर त्या माणसानं क्लॅरिनेटला दिलेच नाहीत, बॅसूनला दिलेत. आणि खाली लिहिलंय सहा वेळा पी. एक पी म्हणजे हळू. दोन पी म्हणजे खूप हळू. सहा पी म्हणजे काय, तर ऐकू आलं की नाही अशी शंका यायला हवी. आणि ते चार सूर संपले रे संपले की सगळा ऑर्केस्ट्रा एकदम अंगावर येतो. भिंत कोसळावी तसा.

तर काकांनी मोजा घातला आणि ते चार सूर वाजवले. दार करकरतं ना, तसे आले. आणि मग कोसळायची वेळ आली तर काका मोजा काढायलाच विसरले! सगळे जीव खाऊन वाजवतायत आणि काकांच्या बॅसूनमधून चिखलात बसलेल्या म्हशीसारखा आवाज. व्हायोलिनवाले थांबले. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. काकांनी मोजा बाहेर ओढला, झेंड्यासारखा हलवला, तेही हसले.

फिरोझा मॅडम हसल्या नाहीत. त्या आमच्या कंडक्टर. साठीच्या, बारीक, पांढरा बॉबकट, आणि सगळ्यांना 'डिकरा', म्हणजे बाळा, म्हणायच्या, काकांना सुद्धा. काठी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बस्त्याव, मोजा पायात घाल. ते चार सूर ही छोकरी वाजवेल, बेस क्लॅरिनेटवर."

"माझ्या कागदावर छापलेत मॅडम," काका म्हणाले. हसतच म्हणाले.

"छापले तर छापले. जगात सगळीकडे बेस क्लॅरिनेटच वाजवते ते. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. मागच्या वेळी पण हेच झालं. त्याच्या मागच्या वेळी पण."

"मग कशाला वाद घालतोस, डिकरा?"

"वाद कुठे घालतोय? आठवण सांगतोय." आणि मोजा घडी करून खिशात ठेवला.

म्हणजे माझं काम काय, बघ. पाऊण तासाची सिंफनी, त्यात चार सूर. बाकी वेळ नुसतं बसायचं. बेस क्लॅरिनेट म्हणजे क्लॅरिनेटची जाड्या आवाजाची मोठी बहीण, ती ऑर्केस्ट्राचीच होती, जुनी, माझ्या कमरेपर्यंत यायची. आवाज एकाच जागेवरून आल्यासारखा वाटायला हवा म्हणून मॅडमनी मला काकांच्या अगदी शेजारी बसवलं, कोपराला कोपर लागेल अशी. आणि तालीम संपल्यावर बोलावून म्हणाल्या, "मनवा, सेकंड क्लॅरिनेट कॅनडाला चालली. तिची खुर्ची रिकामी होणार. हे चार सूर मला पाहिजेत तसे दे, जानेवारीपासून तिथे तू बसशील."

अगं, ती खुर्ची! मी स्वप्नात त्या खुर्चीवर बसायचे. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "चार सूर? अगं आरतीला घंटा वाजवणारा सुद्धा जास्त वाजवतो." पण सगळ्यांनी तिकिटं काढली. आई, बाबा आणि लतिकाआत्या. आत्यानं नवीन ब्लाउज शिवला.

त्या आठवड्यात मी रोज काकांच्या पडवीत. मला वाटलं होतं, रागावले असतील. कसलं काय! मला म्हणाले, "वाजव." मी वाजवलं. "हं. आता सुरुवात करू नकोस."

"सुरुवात न करता वाजवू कसं?"

"तू दार ठोठावतेस आणि मग आत येतेस. ठोठावू नकोस. श्वास सोड. सूर आधीपासून तिथेच आहे असं समज. तुझा श्वास त्याच्यावरून जाऊ दे."

परत वाजवलं. परत. आतून मार्थाकाकू ओरडायची, "अरे मेल्या, पोरीला खायला तरी दे!" आणि पाव आणि चहा यायचा. मी पाव तोडायचे. काका पाव चहात बुडवून ठेवायचे, पार लगदा होईपर्यंत, मग चमच्यानं खायचे. मी म्हटलं, शी काका. तर म्हणाले, "नेव्हीत शिकलो. वादळात चावायला वेळ नसतो." मी हसले. मला काय माहीत!

आणि एक गंमत बघितली मी. मी वाजवताना ते बॅसून मांडीवर घेऊन बसायचे. वाजवायचे नाहीत. फक्त बोटं ठेवायचे, त्या चार सुरांवर, माझ्याबरोबर. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "सवय. नेहमी असंच करतो. दुसरा वाजवतो, मी बोटं ठेवतो."

कार्यक्रम होता शनिवारी संध्याकाळी. आधी एक सिंफोनिक पोएम होती, म्हणजे शब्दांशिवाय सांगितलेली गोष्ट. एका नदीची. दोन झरे कुठूनतरी येतात, एकत्र होतात, गावात लग्न चाललंय त्याच्या शेजारून नदी जाते, मग खडक, मग मोठी होऊन शहरात. मला त्यात काम नव्हतं. मी पडद्याआडून ऐकत होते. मध्यंतरात आईचा मेसेज आला, 'नदी छान होती. तू कुठे होतीस?'

मध्यंतरातच मी काकांना शोधत मागे गेले. ते बेसिनपाशी उभे होते. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होते आणि बेसिनमध्ये गुलाबी पाणी.

"काका! रक्त आहे!"

"हळू बोल." लवंगेच्या तेलाचा बोळा हिरडीवर दाबला. सगळ्या खोलीला लवंगेचा वास. "खालचे दात हलतायत. सोमवारी काढणार. सगळे. डॉक्टर महिनाभर मागे लागलाय, मी म्हटलं शनिवार होऊ दे."

मला आधी कळलंच नाही. बॅसूनचं ते दुहेरी रीड, म्हणजे फुंकायची बोरूची पातळ पट्टी, ओठांत धरतात ना, त्या ओठाला आतून दातांचाच आधार असतो. दात गेले की ओठ उभा राहत नाही.

मी विचारलं, "मग सोमवारनंतर?"

"सोमवारनंतर पातळ पेज." आणि हसले. मी हसले नाही तेव्हा म्हणाले, "कवळी बसवून वाजवतात काहीजण. मी ऐकलंय त्यांना. नको." मग रुमालाला तोंड पुसलं. "नेव्हीत होतो तेव्हा पहिल्यांदा वाजवली ही सिंफनी. पंचविशीत. तेव्हा म्हटलं, आता नाही तर पुढच्या वेळी. पुढच्या वेळी पण तेच म्हटलं. जाऊ दे. तू नीट वाजव. श्वास पोटापर्यंत घे. ठोठावू नकोस."

बास, एवढंच. माझ्याकडे काही मागितलं नाही गं त्यांनी. मागितलं असतं तर सोपं होतं. मी सरळ हो नाहीतर नाही म्हटलं असतं.

घंटा झाली. आम्ही आत गेलो.

ती सिंफनी सुरूच काकांपासून होते. बाकी सगळे जवळजवळ गप्प, आणि खालून बॅसून वर चढत येतो, दुखणाईत माणूस उठून बसतो तसा. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं, त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटत होती, बारीक, फुस्स. समोर बसलेल्यांना नाही कळलं. मॅडमना कळलं असावं, त्यांनी क्षणभर इकडे बघितलं.

मग ते सगळं पुढे गेलं. व्हायोलिन आल्या, ती जीव कासावीस करणारी धून आली, आत्या रुमाल काढत होती ते मला स्टेजवरून दिसलं. आणि मग हळूहळू सगळे थांबत गेले आणि नेव्हिलची क्लॅरिनेट एकटी राहिली. नेव्हिल आमचा पहिला क्लॅरिनेटवाला. काय वाजवलं त्यानं त्या दिवशी! कुणीतरी कंदील घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरतंय आणि आपण वरून बघतोय असं वाटत होतं. उजेड लहान होतोय, लहान होतोय. आणि शेवटच्या चार पायऱ्या माझ्या.

मॅडमनी डावा हात माझ्याकडे केला, तळवा खाली. मी रीड ओठांत घेतलं. श्वास घेतला, चांगला, पोटापर्यंत, काकांनी शिकवलेला. आणि मला त्यांची बोटं दिसली. बॅसूनवर, त्या चार सुरांपैकी पहिल्यावर. रीड ओठांपाशी. डोळे मिटलेले.

मी फुंकलं नाही.

का ते विचारू नकोस. श्वास होता, सूर होता, मला येत होतं, झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. मी फक्त श्वास धरून ठेवला. मनात म्हटलं, घ्या.

आणि ते चार सूर आले, रेवा. मी कोपराला कोपर लावून बसले होते तरी मला कळलं नाही कुठून आले. ना दार, ना करकर, ना बैल. पहिला होता तो नेव्हिलचाच वाटला, इतका जुळून आला. दुसरा, तिसरा. चौथा तर सूर नव्हताच, लाकडानं श्वास सोडावा तसं काहीतरी. सगळं सभागृह पुढे झुकलं. खरंच झुकलं, मी बघितलं. मॅडमचा हात हवेत होता आणि त्या काकांकडे बघत होत्या.

मग भिंत कोसळली. आत्या "आई गं!" म्हणून ओरडली म्हणे, पण त्या आवाजात कोण ऐकतंय! काकाही सगळ्यांबरोबर वाजवत होते, लाल होऊन, आणि त्यांच्या रीडवर गुलाबी डाग.

त्यानंतर मी नुसती बसून. तिसरा भाग संपतो तो इतका दणक्यात की लोकांना वाटतं संपलं, वसईची मंडळी उभी राहून टाळ्या वाजवायला लागली, बाबांनी तर पिशवी उचलली. आणि मग तो शेवटचा भाग. हळू. तो संपत नाही गं, विझतो. शेवटी फक्त खालची वाद्यं उरतात, आणि मग तीही नाहीत. कितीतरी वेळ कुणी टाळी वाजवली नाही.

मागच्या खोलीत गेलो तर मॅडम तडक काकांकडे आल्या, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बस्त्याव! आज तू मला वाचवलंस. असं मी जन्मात ऐकलं नाही." सगळे गोळा झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या, आवाज एकदम मऊ. "होतं असं, डिकरा. पहिली वेळ आहे. पाणी पी."

आधी कळेना काय म्हणतायत. मग कळलं. त्यांना वाटलं मी घाबरले. सूर फुटलाच नाही आणि काकांनी ऐन वेळी झेलला.

मी काकांकडे बघितलं. त्यांच्या ओठांवर रुमाल होता आणि रुमालाच्या वर डोळे. असा आनंद मी कुठल्याही माणसाच्या डोळ्यांत नाही बघितला, आत्तापर्यंत नाही. लहान मुलाचे डोळे गं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरली पोर. मला दिसलं, वाजत नाहीये, म्हणून मी घेतलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेव्हिलनं काकांना उचललंच.

आता मी काय करायचं होतं? बोलले असते, 'मी घाबरले नव्हते, मी सोडले,' तर काय उरलं असतं त्यांच्याकडे? एका पोरीनं टाकलेला तुकडा. आणि नाही बोलले तर माझी खुर्ची गेली. दोन्ही मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं.

मी म्हटलं, "हो. थँक्यू, काका."

बाहेर ही गोष्ट माझ्याआधीच पोचली होती. आई म्हणाली, "घाबरलीस तर घाबरलीस. पण एवढा वेळ हलली नाहीस जागची, ते छान केलंस."

मॅडमचा फोन आला त्या आठवड्यात. प्रेमानं बोलल्या. "तुला अजून थोडं थांबायला हवं." खुर्चीवर बांद्र्याची एक मुलगी बसली. मला नंतर बोलावलंच नाही. मी थांबले, मग बँकेची परीक्षा दिली, पुढचं तुला माहितीये. सात वर्षं झाली. क्लॅरिनेट कपाटावर आहे.

आणि काकांचे सोमवारी दात काढले. त्यांनी बॅसून पुन्हा हातात घेतला नाही, पण ती गोष्ट मात्र सोडली नाही. चर्चमधून बाहेर पडताना, कुणाच्या लग्नात, माझ्या ताईच्या हळदीला सुद्धा! "चोरघ्यांची मनवा घाबरली, आणि मी बघतोय तर सूरच नाही!" गावातली पोरं मला विचारायची, काय गं, फुंकायला विसरलीस? मी पण हसायचे. दरवेळी गोष्ट थोडी मोठी व्हायची. शेवटी शेवटी तर मी रडत होते म्हणे स्टेजवर.

आता ऐक, आता खरं आहे ते.

मागच्या डिसेंबरात मार्थाकाकूचा फोन आला, "तुला बोलावतायत. लवकर ये." काकांच्या छातीत पाणी झालं होतं. मी गेले तर पलंग पडवीत आणलेला, कुणीतरी भेटायला आलेलं, आणि काकू त्यांना सांगतेय, "ही बघा ही, हीच ती मनवा, जिला यांनी वाचवलं." भिंतीवर त्या संध्याकाळचा फोटो, फ्रेम करून लावलेला. काका मध्ये, मॅडम शेजारी. मी त्यात नाहीये. काकू पाहुण्यांना घेऊन आत चहा करायला गेली.

काका मला म्हणाले, "बस. इथे, शेजारी. तशी."

बसले. कोपराला कोपर.

"त्या दिवशी तू घाबरली होतीस?"

मी म्हटलं, "हो, काका. खूप."

ते म्हणाले, "खोटं बोलतेस. मी तुझा श्वास ऐकला होता. आत गेलेला. पोटापर्यंत गेला. घाबरलेल्या माणसाचा श्वास गळ्यात अडकतो, पोरी. मी पन्नास वर्षं माणसांच्या शेजारी बसून त्यांचे श्वास ऐकलेत."

मी त्यांच्याकडे वळले, रेवा.

"म्हणजे तुम्हाला..."

"तेव्हाच कळलं. तू देतेयस. मी घेतलं. घेऊ नये असं एकदाही वाटलं नाही, हे पण ऐक. मग मॅडम आली, वाचवलंस म्हणाली. सांगायचं होतं मला. तोंडातून भलतंच निघालं." खोकला आला, मी पाठ चोळली. "आणि एकदा बोललो ना, मग तेच बोलत राहावं लागलं. जितकं बोललो तितकं खरं वाटायला लागलं. तुझी खुर्ची गेली."

"जाऊ दे ना, काका."

"जाऊ दे म्हणू नकोस! शिवी दे मला."

मला शिवी सुचेना. राग आला होता का? आला होता. खूप आला होता गं. सात वर्षं ते माझ्यावर हसत होते, लोकांना हसवत होते, आणि त्यांना माहीत होतं. आणि समोर ते असे, उशीला टेकलेले, छातीतून घरघर. त्या दोन्ही गोष्टी मला एकत्र धरताच येईनात.

"फिरोझाला फोन लाव," म्हणाले. "नंबर आहे ना तुझ्याकडे? मला आकडे दिसत नाहीत. लाव आणि माझ्या कानाला दे. मी सांगतो तिला. अजून ऑर्केस्ट्रा तीच चालवते. तुला परत घेईल. तू काय म्हातारी झालीस का?"

मी नंबर काढला. होताच माझ्याकडे, कधी पुसला नव्हता. अंगठा त्या नावावर. आतून काकूचा आवाज येत होता, ती पाहुण्यांना सांगत होती, "आणि मग हे बघतात तर पोरीचा सूरच नाही..." आणि पाहुणे म्हणत होते, अरे बापरे, मग? आणि काकूच्या आवाजात असा काही अभिमान, जसं काही तिनंच वाजवलं.

मी फोन कानाला लावला. थोडा वेळ तसाच धरला. मग खाली घेतला. "उचलत नाहीत, काका."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"रिंग वाजली नाही," ते म्हणाले. "दात गेलेत माझे. कान आहेत."

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"पुन्हा देतेयस," म्हणाले. मग अगदी हळू, "आणि बघ, मी पुन्हा घेतोय." माझा हात धरला आणि सोडलाच नाही. काकू चहा घेऊन आली तरी नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गेले. आणि काल, म्हणूनच मी तुला आज बोलावलं, काल फिरोझा मॅडमचा फोन आला. ऑर्केस्ट्रा तीच सिंफनी काकांच्या आठवणीत वाजवणार आहे. कार्यक्रमाआधी मॅडमना ती गोष्ट लोकांना सांगायची आहे. मला विचारत होत्या, "तुझं नाव घेतलं तर चालेल ना, डिकरा?" मी म्हटलं, हो, घ्या.

काकूला पहिल्या रांगेत बसवणार आहेत.

आता बोल. बोल ना, अशी बघू नकोस. त्या दिवशी त्या पडवीत फोन तुझ्या हातात असता, तर तू लावला असतास?